चंद्राची सबब

२२ जुलै २००९ रोजी झालेलं खग्रास सूर्यग्रहण एकविसाव्या शतकातलं सर्वांत लांबलेलं ग्रहण होतं. सुरत, वाराणसी, पाटणा अशा शहरांवरून त्याची सावली गेली आणि पुढे प्रशांत महासागरावर साडेसहा मिनिटांहून अधिक काळ सूर्य पूर्ण झाकलेला राहिला. याचं एक कारण असं की आदल्याच दिवशी चंद्र पृथ्वीच्या अगदी जवळ, सुमारे ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर आला होता. जवळचा चंद्र मोठा दिसतो, आणि मोठ्या चंद्राला सूर्य जास्त वेळ झाकता येतो. त्याच हिशेबाने २४ जुलैला मुंबईत पाच मीटरच्या वर भरती येणार, असं कोष्टकात छापलेलं होतं. यंत्रणा सज्ज झाल्या, वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले, लोक मरीन ड्राइव्हवर लाटा बघायला जमले. पाणी आलं, कठड्यावरून उसळलं आणि काही तासांनी उतरलं. शहर बुडालं नाही.

त्याच्या चार वर्षं आधी, २६ जुलै २००५ रोजी, शहर बुडालं होतं. त्या वर्षीची गुरुपौर्णिमा २१ जुलैला होती आणि त्याच दिवशी चंद्रही जवळ आलेला होता. उधाण पौर्णिमेच्या थोडं मागून येतं, म्हणजे खरं मोठं उधाण २२, २३, २४ तारखांना येऊन गेलं. ते आज कुणाला आठवतही नाही. २६ तारखेची भरती साडेचार मीटरच्या आतली होती, दिवसागणिक उतरत चाललेल्या भरत्यांपैकी एक. पण त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नंतर जी कारणं सांगितली गेली त्यांत भरतीचं नाव ठळक होतं. भरतीमुळे पाण्याचा निचरा अडला, हे खोटं नाही. पण भरतीच मुख्य आरोपी असती, तर शहर २३ तारखेला बुडायला हवं होतं.

या दोन तारखा शेजारी ठेवल्या की चंद्राच्या जवळ येण्याबद्दल आपण जे बोलतो त्यातला घोळ दिसतो. चंद्र जवळ आला की समुद्र जास्त चढतो, यात शंका नाही. पण किती चढतो, कुठे चढतो, आणि त्या चढण्याचा आपल्याला उपद्रव का होतो, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आकाश त्यांतल्या पहिल्याचं उत्तर देतं, दुसऱ्याचं किनारा देतो. तिसऱ्याचं उत्तर मात्र आपल्यालाच द्यावं लागतं, आणि नेमकं तेच आपण चंद्राच्या गळ्यात बांधतो. पावसाळ्यात ढग कुठे फुटेल ते कुणी सांगू शकत नाही, वादळ ऐन वेळी दिशा बदलतं. भरतीची वेळ आणि उंची मात्र कितीतरी वर्षं आधी काढून ठेवता येते. जी गोष्ट एवढी आधी ठाऊक असते, तिची सबब कशी सांगता येईल?

आधी आकाशाचा हिशेब. चंद्र पाणी खेचतो म्हणून भरती येते, असं आपण शाळेत शिकतो आणि तिथेच थांबतो. नुसत्या ओढीचाच प्रश्न असता तर चंद्राचं काही चाललं नसतं. पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीच्या पावणेदोनशे पटींहून जास्त आहे. तरीही भरतीत चंद्राचा वाटा सूर्याच्या दुपटीहून अधिक असतो. कारण भरती ओढीतल्या फरकामुळे येते. पृथ्वीची एक बाजू चंद्राच्या जवळ असते, दुसरी बाजू पावणेतेरा हजार किलोमीटर पलीकडे. जवळच्या बाजूला ओढ थोडी जास्त, लांबच्या बाजूला थोडी कमी, आणि या तफावतीने पाणी दोन्ही बाजूंना फुगतं. सूर्य इतका दूर आहे की त्याला पृथ्वीच्या दोन बाजूंतलं अंतर जवळजवळ जाणवतच नाही.

ओढ अंतराच्या वर्गाने घटते, पण ओढीतला हा फरक घनाने घटतो. चंद्राच्या जवळिकीला जे काही महत्त्व आहे ते या घनामुळे. चंद्राचं सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटर. उपभू स्थितीत तो ३ लाख ५६ हजारांपर्यंत जवळ येतो, अपभू स्थितीत ४ लाख ६ हजारांच्या वर लांब जातो. अंतरातला फरक चौदा टक्क्यांचा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम कळेल इतका. पण चौदा टक्क्यांचा घन केला की भरती उठवणारं बळ लांबच्या चंद्रापेक्षा जवळच्या चंद्राचं जवळजवळ दीडपट निघतं. सरासरीशी तुलना केली तर पंचवीस टक्क्यांनी जास्त.

चंद्राला जवळच्या टोकापासून पुन्हा जवळच्या टोकाशी यायला साडेसत्तावीस दिवस लागतात आणि पौर्णिमेपासून पौर्णिमेला साडेएकोणतीस. ही दोन चक्रं एकमेकांना गाठतात तेव्हा, साधारण सात महिन्यांतून एकदा, उधाण आणि जवळचा चंद्र एकत्र येतात. एकदा पौर्णिमेला, पुढच्या खेपेला अमावास्येला. ‘सुपरमून’ म्हणून जे गाजतं ते यातलं पौर्णिमेचं रूप. ते नाव रिचर्ड नोल या अमेरिकन ज्योतिषाने १९७९ साली दिलं, आणि त्या नावाबरोबर संकटाची भाकितंही आली. अमावास्येचा जवळचा चंद्र समुद्राला तेवढाच उचलतो, पण तो दिसत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. २००९ सालचा तो तसाच होता. ग्रहण नसतं तर कुणी मान वर करून पाहिलंही नसतं. उलट मार्च २०११ मध्ये जपानच्या भूकंप-त्सुनामीचं खापर सुपरमूनवर फोडलं गेलं. तो सुपरमून १९ मार्चचा, भूकंप ११ मार्चचा. त्या दिवशी शुक्ल पक्षातला अर्धा चंद्र उगवत होता आणि लांबच्या टोकावरून निघून त्याला पाचच दिवस झाले होते. चंद्राला निर्दोष ठरवायला याहून चांगला दिवस शोधूनही सापडला नसता.

आता पंचवीस टक्के म्हणजे पाण्यात किती? हे काढण्याची रीत एकोणिसाव्या शतकात घडली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन, यांनी भरतीचे तुकडे पाडले. एक तुकडा निव्वळ चंद्राचा, १२ तास २५ मिनिटांचा. एक सूर्याचा, बरोबर १२ तासांचा. एक चंद्राच्या जवळ-लांब होण्याचा, १२ तास ४० मिनिटांच्या आसपासचा. असे अनेक. प्रत्येक बंदरात बरेच दिवस पाणी मोजायचं, प्रत्येक तुकड्याचा आकार काढायचा, आणि मग पुढची कितीही वर्षं बेरीज करत जायचं. ही बेरीज करणारं पितळी चाकांचं यंत्र थॉमसनने १८७० च्या दशकात बनवलं, आणि १८७९ साली भारतातल्या बंदरांसाठी एक वेगळं यंत्र लंडनमध्ये तयार झालं. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाणी मोजलं जात आहे. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर इतकी जुनी नोंद क्वचितच सापडेल.

त्या मोजणीतून मुंबईचं जे चित्र निघतं ते बोलकं आहे. निव्वळ चंद्राचा तुकडा समुद्राच्या सरासरी पातळीपासून साधारण सव्वा मीटर वर-खाली करतो. सूर्याचा तुकडा अर्ध्या मीटरच्या जवळपास. चंद्राच्या जवळ-लांब होण्याचा तुकडा सुमारे तीस सेंटीमीटर. म्हणजे एक फूट. चंद्र अगदी जवळ असला तर मुंबईचं पाणी सरासरीपेक्षा फूटभर जास्त चढतं, लांब असला तर फूटभर कमी. सगळा गाजावाजा या एका फुटाचा आहे.

पौर्णिमा-अमावास्येला सूर्य चंद्राला साथ देतो, अष्टमीला त्याच्या विरुद्ध जातो. त्यातून उधाण आणि भांग असा जो फरक पडतो तो या फुटाच्या दीडपटीहून मोठा. आणखी एक तुकडा आहे, ज्याबद्दल वर्तमानपत्रं कधीच लिहीत नाहीत. चंद्र-सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलेले असतात त्यामुळे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या राहत नाहीत. मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातलं उधाण दुपारचं मोठं असतं आणि हिवाळ्यातलं मध्यरात्रीचं. हा फरकही चंद्राच्या जवळिकीपेक्षा मोठा आहे. जवळिकीचा नंबर तिसरा लागतो.

जाता जाता एक तक्रार. ‘समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ असा मथळा दर पावसाळ्यात येतो. साडेचार मीटर ही लाटेची उंची नव्हे. ती नकाशावरच्या शून्यापासून, म्हणजे खोलातल्या खोल ओहोटीच्या आसपासच्या एका ठरवलेल्या रेषेपासून मोजलेली पाण्याची पातळी असते. समुद्राची सरासरी पातळीच त्या रेषेच्या अडीच मीटर वर आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती सरासरीच्या दोन मीटर वर असते, आणि लाटा त्याच्यावर वेगळ्या. दिवस शांत असेल तर त्या भरतीला लाट नसेलही. दर वर्षी हे चुकतं, आणि ते चुकल्यामुळेच भरती ही काहीतरी अचानक उसळून येणारी आपत्ती वाटू लागते.

खरं तर चंद्र जवळ आहे की लांब, हे महाराष्ट्रातल्या घरोघरी भिंतीवर टांगलेलं असतं. जवळ आलेला चंद्र आकाशात भराभर सरकतो, लांबचा रेंगाळतो. तिथी म्हणजे चंद्राने सूर्यापासून बारा अंश पुढे जाणं. त्यामुळे चंद्र जवळ असला की तिथी लवकर संपते, लांब असला की लांबते. जुन्या पंचांगकर्त्यांनी ‘बाणवृद्धी रसक्षय’ असा नियम सांगितला: साठ घटकांची तिथी पाच घटका वाढू शकते आणि सहा घटका घटू शकते. दृक्‌ गणिताने तो पल्ला ‘सप्तवृद्धी दशक्षय’ इतका रुंद केला, म्हणजे वीस तासांपासून जवळजवळ सत्तावीस तासांपर्यंत. चंद्राच्या लांबच्या टोकाला आपल्याकडे मंदोच्च म्हणत. ते टोक आकाशात फिरतं हेही ठाऊक होतं: सूर्यसिद्धान्त एका महायुगात, म्हणजे ४३ लाख २० हजार वर्षांत, त्याच्या ४ लाख ८८ हजार २०३ फेऱ्या देतो. भागाकार केला तर एक फेरी ८.८५ वर्षांची निघते. आजचा आकडा तोच आहे.

म्हणून कॅलेंडरवर चतुर्दशी संपण्याची वेळ आणि पौर्णिमा संपण्याची वेळ यांची वजाबाकी करावी. वीस तासांच्या आसपास आली तर चंद्र जवळ आहे, पुढच्या दोन दिवसांतलं उधाण दांडगं. सव्वीस तास आली तर लांब आहे, उधाण मवाळ. कोकणात भरतीच्या वेळेसाठी तिथीची पाऊणपट करण्याची रीत जुनी आहे: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी भरणार. ती वेळ सांगते, उंची नाही. उंचीची खूण त्याच पंचांगात तिच्याशेजारी पडलेली आहे. पंचांगातून मुहूर्त काढणाऱ्या आपल्या समाजाने ही वजाबाकी कधी रूढ केली नाही, याचं मला नवल वाटतं.

इतकं आकाशाचं. पण आकाश सगळ्या किनाऱ्यांवर सारखंच असतं. एकाच रात्री, तितक्याच जवळच्या चंद्राखाली, कोचीत पाणी मीटरभर चढतं-उतरतं, गोव्यात दोन मीटरच्या आसपास, मुंबईत चार-पाच मीटर आणि भावनगरला दहा मीटरच्या वर. मुंबई-गुजरातसमोर समुद्रबूड जमीन खूप रुंद आहे, मुंबईसमोर ती तीनशे किलोमीटरपर्यंत उथळ पसरलेली आहे. दक्षिणेकडे ती निमुळती होत जाते. खोल समुद्रातून आलेलं भरतीचं पाणी उथळावर साचतं, आणि खंबातच्या आखातात त्याला दोन्ही बाजूंनी चिमटत नेलं जातं. अलंगला जहाजं तोडण्याचा धंदा उभा राहिला तो याच पाण्यावर: पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात जहाज जोराने किनाऱ्यावर चढवायचं, आणि पाणी उतरलं की ते चिखलात बसतं. त्या किनाऱ्याची ओळख जगाला फार जुनी आहे. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचजवळ नर्मदेत घुसणाऱ्या भरतीच्या लोंढ्याचं वर्णन आहे. त्या ग्रीक प्रवाशाचा चंद्र काही वेगळा नव्हता, किनारा वेगळा होता.

किनाऱ्याची मर्जी किती टोकाला जाते हे पाहायचं तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागराकडे जावं लागतं. तिथे उधाणात सोळा मीटरपर्यंत पाणी चढतं-उतरतं. आणि तिथे चंद्राच्या जवळिकीचा तुकडा सूर्याच्या तुकड्यापेक्षा मोठा आहे! म्हणजे मुंबईच्या नेमकं उलट. मुंबईत कोळी तिथी विचारतो. फंडीत तिथीपेक्षा चंद्र किती लांब आहे हे विचारलेलं बरं. याचं कारण त्या उपसागराच्या लांबीत आणि खोलीत आहे. झोपाळ्याला स्वतःची एक लय असते, त्या लयीत ढकललं तरच तो उंच जातो. फंडी आणि त्याला लागून असलेलं मेनचं आखात मिळून पाण्याची जी लय आहे ती तेरा तासांच्या थोडी वर आहे. सूर्याचा बारा तासांचा धक्का तिच्यापासून लांब पडतो, आणि जवळिकीचा १२ तास ४० मिनिटांचा धक्का तिच्या जवळ. त्यामुळे जो तुकडा जगभर तिसऱ्या क्रमांकावर रखडतो तो तिथे दुसरा येतो.

याच किनाऱ्यावर चंद्राच्या जवळिकीची सर्वांत गाजलेली गोष्ट घडली. लेफ्टनंट स्टीव्हन सॅक्सबी हे ब्रिटिश नौदलातले गृहस्थ. त्यांनी १८६८ च्या अखेरीस लंडनच्या ‘स्टँडर्ड’ या वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवलं की पुढच्या वर्षी ५ ऑक्टोबरला सकाळी सात वाजता चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ आणि त्याच दिवशी विषुववृत्तावर असेल, अमावास्याही त्याच सुमारास, त्यामुळे असाधारण भरतीची आणि वादळाची अपेक्षा ठेवावी. जागा त्यांनी सांगितली नव्हती. ४ ऑक्टोबर १८६९ च्या रात्री एक चक्रीवादळ नेमकं फंडीच्या तोंडाशी धडकलं. वाऱ्याने ढकललेलं पाणी आणि उधाणाचं पाणी एकत्र आलं. बांध बुडाले, गुरं वाहून गेली, जहाजं शेतांत जाऊन पडली. त्या वादळाला आजही सॅक्सबीचं वादळ म्हणतात.

लोकांना वाटलं, सॅक्सबी खरे ठरले. माझ्या मते ते अर्धेच खरे ठरले, आणि उरलेल्या अर्ध्याने गोंधळ माजवला. भरती त्यांनी बरोबर सांगितली, ती कोणत्याही पंचांगकर्त्याला सांगता आली असती. वादळ त्यांना कळलेलं नव्हतं. चंद्र वादळं पाठवत नाही. पण दोन्ही एकत्र आल्यामुळे चंद्राला वादळाचंही श्रेय मिळालं, आणि चंद्र जवळ आला की काहीतरी भयंकर होतं ही समजूत आणखी घट्ट झाली. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. त्याच दिवशी चंद्र उपभू स्थितीत होता, पौर्णिमा दोन दिवसांवर. सॅक्सबी असते तर त्यांनी हाही दिवस हेरला असता. पण वादळ आलं दुपारी साडेबारानंतर, आणि भरती सकाळी दहाच्या सुमारास होऊन गेलेली होती. वाऱ्याने श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्या झोपवल्या, सुपारी-नारळाची झाडं मोडली. समुद्राने मात्र जेवढं करता आलं असतं तेवढं केलं नाही, कारण तो उतरत होता. तीन-चार तासांचा फेर पडला, इतकंच. आणि या तीन-चार तासांपुढे चंद्राच्या जवळिकीचा एक फूट काहीच नव्हता.

मग त्या एका फुटाला काही अर्थच नाही का? आहे. फूट महत्त्वाचा ठरतो तो कडेला. बांधाची उंची पाण्यापेक्षा फूटभर जास्त असेल तर शेत कोरडं, फूटभर कमी असेल तर शेतात खारं पाणी. मधलं काही नसतं. फंडीच्या काठावर सतराव्या शतकात आलेल्या फ्रेंच अकेडियन शेतकऱ्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी मातीचे बांध घातले आणि बांधाखाली लाकडी नळ बसवला, त्याला एकाच बाजूने उघडणारी झडप. भरती आली की पाण्याच्या दाबानेच झडप बंद होते, ओहोटी लागली की आतलं गोडं पाणी ती ढकलून बाहेर जातं. गोव्याच्या खाजणांत याच तत्त्वावर चालणारी मानस असते आणि रायगडच्या खारबंदिस्तीत उघाडी. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या लोकांनी एकच उपाय काढला, कारण प्रश्न एकच होता: समुद्र दिवसातून दोनदा येणार, आणि महिन्यातून दोनदा जास्त येणार, हे नक्की आहे, तर त्याच्याशी भांडायचं कशाला, त्याच्याच दाबाने दार लावून घ्यावं.

या लोकांकडे दुर्बीण नव्हती, अंतराचे आकडे नव्हते. पण बांध किती उंच हवा हे त्यांनी आजवर पाहिलेल्या सगळ्यांत मोठ्या उधाणावरून ठरवलं, नेहमीच्या भरतीवरून नव्हे. गोव्यात बांधाची आणि मानशीची देखभाल गावकरीची, म्हणजे सगळ्या गावाची असे. आज रायगडात उधाणाला बांध फुटला, खांड पडली, भाताच्या खाचरात पाणी शिरलं, अशी बातमी येते तेव्हा मोठ्या उधाणाला दोष दिला जातो. त्याच उंचीचं उधाण त्याच बांधाने अनेकदा परतवलेलं असतं. बदललेली असते ती बांधाची माती आणि ती कुणी राखायची याची जबाबदारी.

मुंबईची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिथे शहरच समुद्रातून भर घालून काढलेलं. पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी पातमुखं मोठ्या संख्येने भरतीच्या पातळीखाली आहेत. जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. भरती चढली की पातमुखातून पाणी बाहेर जाणं थांबतं, कधी समुद्रच आत येतो. १९९३ सालच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मिलिमीटरची क्षमता आणि समुद्रकाठी उदंचन केंद्रं सुचवली होती. २००५ च्या पुरापर्यंत त्यातलं फारसं झालं नव्हतं. नंतर हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला, क्लीव्हलँड बंदर अशी केंद्रं उभी राहिली. या पंपांचं काम फंडीच्या झडपेचंच आहे, फक्त विजेवर. शहराने तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा शेतकऱ्याचा उपाय उशिरा आणि महाग पडून स्वीकारला, असं म्हणायला हरकत नाही.

आणि आता तो एक फूट वेगळ्या वाटेने येतो आहे. उपग्रहांनी १९९३ पासून मोजलेली जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी दर वर्षी तीन मिलिमीटरहून अधिक वेगाने वाढते आहे, आणि हा वेगही वाढतो आहे. चंद्राच्या जवळिकीचा फूट सात महिन्यांतून एकदा येतो, दोन-चार दिवस राहतो आणि परत जातो. समुद्रवाढीचा फूट आला की तो परत जाणार नाही. त्या दिवशीची साधी पौर्णिमा आजच्या सुपरमूनच्या उंचीची असेल, आणि तेव्हाचा जवळचा चंद्र त्याच्यावर आणखी एक फूट चढवेल. हे विश्वासाने सांगता येतं, कारण चंद्राचा हिशेब पक्का आहे. म्हणून २४ जुलै २००९ सारख्या दिवशी गंमत म्हणून लाटा पाहायला गेलेल्यांना पुढच्या काळातलं नेहमीचं उधाणच पाहायला मिळालं होतं. असे दिवस पावसाळ्यात साधारण चार-साडेचार वर्षांच्या फेऱ्याने येतात, कारण चंद्राचं जवळचं टोक तेवढ्या काळात आकाशाच्या अर्ध्या फेरीने सरकतं. म्हणजे आजच्या पातळीवर, पाऊस नसताना, उद्याच्या समुद्राची चाचणी घेण्याची संधी मिळते. कुठल्या पातमुखातून पाणी आत आलं, कुठल्या गल्लीत कोरड्या दिवशी गटार तुंबलं, एवढं त्या दिवशी फिरून लिहून ठेवलं तरी पुष्कळ.

त्यात एक अडचण आहे, जी चंद्राने केलेली नाही. पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांच्या तारखा जाहीर होतात, पण त्या उंच्या नकाशाच्या शून्यापासून मोजलेल्या असतात. मुंबईतल्या रस्त्यांच्या आणि नाल्यांच्या उंच्या टाऊन हॉलच्या पायाशी बांधलेल्या जुन्या रेषेपासून मोजतात. दोन शून्यं वेगळी. त्यामुळे एखाद्या वस्तीतल्या माणसाने विचारलं की पाच मीटरची भरती माझ्या गल्लीच्या वर आहे की खाली, तर त्याला छापलेल्या दोन आकड्यांवरून उत्तर काढता येत नाही. अभियंत्याकडे जावं लागतं. भरतीचं कोष्टक आणि प्रत्येक पातमुखाची, प्रत्येक सखल चौकाची उंची एकाच शून्यापासून मोजून एकाच कागदावर छापायला नवं यंत्र लागत नाही, नवा अहवालही लागत नाही. तो कागद प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या दारावर लावला, तर कोणत्या तारखेला कोणत्या चौकात पाणी चढणार हे लोकांना जून उजाडण्याआधीच दिसेल, आणि त्या तारखेला तिथे पंप का नव्हता हेही विचारता येईल.